सुंदरम्माच्या दारावरचं ‘नाळे बा’

खरं सांगा, लस घ्यायला तुम्ही कुठं गेला होतात? घराजवळ नंबर लागत नव्हता म्हणून मोबाईलवर लांबचं एखादं खेडं शोधलंत, गाडी काढलीत, दंडाला टोचून घेतलंत आणि दुपारच्या जेवणाला घरी परत आलात, असं तर नाही ना? असेल तर रागावू नका, पण तुमची गाडी सुंदरम्मानं बघितली आहे. आरोग्य केंद्राच्या अंगणातल्या लिंबाखाली लावलेली. त्या सावलीत एरवी पेशंट बसतात.

सुंदरम्मा बिराजदार म्हणजे कोण? पेपरात नाव यावं अशी कुणी नाही. सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागायचं, कुंभारी मागं टाकायची, आणखी बरंच पुढं जाऊन डांबर सोडायचं. मग कच्ची वाट. वाटेत ओढा. ओढ्याच्या पलीकडं चार घरांची बिराजदार वस्ती. तिथं मोबाईलला रेंज हवी असेल तर विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगावर चढायचं आणि तोंड सोलापूरकडं करायचं. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही, अशी तिथली रीत. साठीला टेकलेली ही बाई आठवड्याच्या बाजारात मेथी-चुका-शेपू घेऊन बसते, उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. नवरा गुरप्पा. हयात सूतगिरणीत गेली. कापसाची धूळ छातीत घेऊन घरी आला तो दमा घेऊनच. रात्रंदिवस छातीत शिट्टी वाजते. सुंदरम्मा म्हणायची, “गिरणी बंद पडली, पर भोंगा ह्यांनी घरी आणला.”

रोगाच्या पहिल्या वर्षी शेजारच्या घरातल्या मथुराबाईला दवाखान्याची गाडी येऊन घेऊन गेली. चालत गेली बाई, स्वतःच्या पायांनी गाडीत चढली, चूल विझवायची राहिली म्हणून सुनेला ओरडली. परत आला तो नुसता फोन. मुलाला मातीसुद्धा बघायला मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरप्पानं डबड्यात चुना कालवला.

लहानपणी त्याच्या आईनं हेच केलं होतं. जुनी कानडी युक्ती. रोगराई दारात येते ती माणसाच्या ओळखीच्या आवाजात हाक मारते. ओ दिली की संपलं. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आणि दारावर लिहून ठेवायचं, ‘नाळे बा’. म्हणजे उद्या ये. ती येते, वाचते, परत जाते. उद्या येते, परत तेच वाचते, परत जाते. बिचारीचा उद्या कधी उगवत नाही.

गुरप्पा कानडी शाळेत चार बुकं शिकलेला. स्टुलावर चढून त्यानं चौकटीच्या वर बोटानं अक्षरं काढली, मोठ्यानं म्हणत काढली. “ना... ळे...” दोन अक्षरं. मग थोडी जागा सोडून एकटं “बा”.

सुंदरम्मा खाली स्टूल धरून उभी होती. म्हणाली, “रोगाला कानडी वाचता येतंय व्हय?”

“येतंय की. आपल्या भागात हिंडतोय त्यो.”

“चीनमधनं आलाय म्हणत्यात.”

“मग हितं आल्यावर शिकला आसंल. तू शिकली न्हाईस म्हंजे कुणीच शिकू ने का?”

हसली ती. त्या वर्षात ती हसली त्यातलं हे एक हसणं. आणि वस्तीवर पुढं खरंच कुणाला काही झालं नाही. आता ते ‘नाळे बा’मुळं झालं नाही, की ओढ्याला पूर आल्यानं कुणी वस्तीवर फिरकलंच नाही म्हणून, हे ज्याचं त्यानं ठरवावं. गुरप्पाचं ठरलेलं होतं.

पाऊस झाला की चुना ओघळायचा. अमावस्येच्या आदल्या दिवशी तो परत अक्षरं गिरवायला स्टुलावर चढला. सुंदरम्मा रानात होती, स्टूल धरायला कुणी नव्हतं. पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात एका दवाखान्याच्या फाटकावर त्यांना सांगितलं, आधी कोरोनाची तपासणी करून आणा. तपासणीच्या खिडकीवर सांगितलं, आजचा कोटा संपला, उद्या या. चार दारं हिंडून झाली, मग गावातल्या हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या. हाड जुळलं, वाकडं जुळलं. तेव्हापासून गुरप्पाला बाज सोडून उठता येत नाही. चौघांनी उचललं तर बसतो, मोटारसायकलवर तर प्रश्नच नाही.

“रोगाला म्हणला उद्या ये,” सुंदरम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “आन् आपन आजच पडला.”

“हसा,” गुरप्पा बाजेवरून म्हणायचा. “मी पडलो, पर रोग आला का? सांग की. आला का?”



लस निघाली तेव्हा सुंदरम्माला स्वतःची फिकीर नव्हती. फिकीर एकच. गुरप्पा तर कुठं जात नाही. कुणाच्या तोंडाजवळ जात नाही. मग त्याला रोग होणार कसा? होणार तो तिच्यामुळंच. बाजारात शंभर माणसं मेथीची जुडी हातात घेऊन खाली-वर करतात, शिंकतात, भाव पाडतात. तिथून घरी येऊन तीच त्याला भाकरी कुस्करून देणार. गावच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर शकुंतला, मूळची माढ्याची, तिनं स्पष्टच सांगितलं होतं, “मावशी, या छातीला तो झेपायचा नाही. काकांना लस मिळालीच पाहिजे.” मिळालीच पाहिजे म्हणाली. कशी, ते नाही म्हणाली.

तेव्हा मोबाईलवर नंबर लावणाऱ्यालाच लस मिळायची. गावात पुतण्याचं, प्रभूचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. प्रभू रोज सकाळी दोन फोन मांडून बसायचा. सुंदरम्मा समोर उकिडवी.

“आलं, काकी! आपल्या गावाचं हिरवं झालं. नाव टाकतो... आता ओटीपी यील... आला... गेलं.”

“कुटं गेलं?”

“सोलापूरला.”

“आरं, गाव आपलं, दवाखाना आपला, सुई आपल्या दारात आलेली. ती सोलापूरला कशी जाईल?”

“सुई न्हाई जात काकी. सोलापूर हितं येतंय.”

तिला खरं वाटलं नाही. म्हणून एक दिवस तिनं प्रभूला भाजीचा टेम्पो मागून आणायला लावला. मागं गादी टाकली, गादीवर गुरप्पाला टाकलं, ओढ्यातून, खड्ड्यातून दर हिसक्याला त्याच्या शिव्या ऐकत केंद्रावर आणलं. बघते तर लिंबाखाली गाड्यांची रांग. काचा वर, आतून गार हवा. अंगणात उभी असलेली माणसं मास्कावर मास्क लावलेली, हातात मोबाईल. एक जण भला वाटला, म्हणून ती त्याच्याजवळ गेली.

“साहेब, माझ्या मालकाला पुढं घेता का? कंबर मोडलीय, गाडीत झोपलाय.”

तो माणूस खरंच भला होता. म्हणाला, “आजी, तुम्ही बुकिंग केलंय का?”

“आमचंच गाव हाय हे. त्याला बुकिंग कशापायी?”

तो ओशाळला. मोबाईलकडं बघितलं, मग रांगेकडं बघितलं, मग म्हणाला, “माझ्या हातात असतं तर दिलं असतं हो. पण सिस्टीममध्ये माझं नाव आहे ना.”

सिस्टीम. सुंदरम्मानं तो शब्द घरी नेला आणि कितीतरी दिवस शिवीसारखा वापरला. शेळी दावं तोडून पळाली की, “थांब तुझी सिस्टीम काढते.”

शकुंतला सिस्टर बाहेर आली, गादीवरच्या गुरप्पाकडं बघून तिचा चेहरा उतरला. वाईट बाई नव्हती ती. सकाळपासून उभी होती, जेवली नव्हती. म्हणाली, “मावशी, आज नावं ठरलेली आहेत. माझ्या हातात काही नाही. उद्या या.”

टेम्पो परत. परत ओढा, परत खड्डे, परत शिव्या. प्रभू बिचारा मधूनमधून मागं बघायचा, “काका, बरं हाय न्हवं?” आणि आतून आवाज यायचा, “आजून मेलो न्हाई, हाक गाडी.”

उद्या टेम्पो भाजी घेऊन मार्केटला जाणार होता. परवाही. महिना असाच गेला. मग नंबर लावायची अट सुटली, शहरातल्या गाड्या यायच्या बंद झाल्या. तुमचं झालं होतं ना. आता सोपं झालं, असं सुंदरम्माला वाटलं.

परत गादी, परत टेम्पो. यावेळी अंगण मोकळं. लिंबाखाली गावची थोडी माणसं. सिस्टरनं डोकी मोजली आणि परत मोजली.

“आठच झाले.”

“मग टोचा की आठ जणांना,” सुंदरम्मा म्हणाली.

“तसं नाही मावशी. एका बाटलीत दहा जणांचं औषध असतंय. एकदा फोडली की चार तासांत संपवायला लागते. दोन वाया गेले तर मला जाब विचारतात. दहा होऊ द्या.”

“दोनच माणसं पायजेत?”

“दोनच.”

“आत्ता आणते.” आणि पदर खोचून निघाली. ही बाई तुम्ही बघायला हवी होती. चहाच्या टपरीवर जाऊन म्हणाली, “चला, कोन येतंय, फुकट हाय!” टपरीवरच्या माणसांनी चहाच्या कपात तोंडं घातली. एक म्हणाला, सुई घेतली की दोन वर्षांत माणूस जातो, मोबाईलवर आलंय. दुसरा म्हणाला, पोरं होत नाहीत.

“तुला आठ हायत,” सुंदरम्मा म्हणाली, “आता न्हाई झाली तर गाव जेवायला घालंल.”

टपरी हसली, पण बाकावरून कुणी उठलं नाही. पिठाच्या गिरणीत गेली. न्हाव्याकडं गेली, तिथं एक जण अर्ध्या दाढीनं बसला होता, तो म्हणाला, दाढी झाल्यावर येतो, आणि दाढी झाल्यावर मागच्या दारानं गेला. शेवटी देवळाच्या पायरीवर शिवबाई नावाची म्हातारी बसलेली, तिला हाताला धरून आणली. म्हातारीला वाटलं, डोळे तपासायचेत.

नऊ झाले.

“सिस्टर, नऊ झाले की. एका थेंबासाठी परत धाडता व्हय?”

“मावशी, दोन घटका थांबू. कुणी आलं तर बघू.”

कुणी आलं नाही. ऊन लिंबाच्या बुंध्यावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून कौलांवर. शिवबाई “डोळं कवा बघनार?” म्हणून विचारत राहिली. केंद्राच्या फ्रीजमध्ये बाटली होती. फ्रीज आणि गुरप्पा यांच्यात एक भिंत होती, टेम्पो भिंतीला टेकून उभा होता. सुंदरम्मानं त्या भिंतीवर तळहात ठेवून बघितला. मग शिपाई कुलूप घेऊन आला. सिस्टर मान खाली घालून म्हणाली, “उद्या या.”

परतीच्या वाटेवर गुरप्पानं शिव्या दिल्या नाहीत. ओढ्यात टेम्पो हेलकावला तेव्हा फक्त म्हणाला, “सुंदरे, आपलं पाहिलंस का? आपन जातोय, त्ये ‘उद्या या’ म्हनत्यात, परत लावत्यात. आपल्यालाच भूत केलंय गं ह्यांनी.”



पावसाळा सरला तेव्हा शकुंतला सिस्टर बाजारात स्वतः सुंदरम्माच्या भाजीपाशी आली. “मावशी, वरून हुकूम आलाय. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरी जाऊन टोचायचं. काकांना कुठं न्यायला नको. आम्हीच येणार गाडी घेऊन.”

“कवा?”

“उद्या-परवा.”

सुंदरम्मानं सिस्टरच्या पिशवीत जबरदस्तीनं शेपूच्या दोन जुड्या कोंबल्या. घरी जाऊन अंगण सारवलं. गुरप्पाचं धोतर बदललं, उशाला पाण्याचा तांब्या भरून ठेवला. उद्या गेला, परवा गेला. ती रानात गेली नाही. दगडांच्या ढिगावर चढून वाटेकडं बघायची. धुरळा उठला की उठून उभी राहायची, धुरळ्यातून मेंढरं निघायची. आठवडा असा गेल्यावर मुकादम म्हणाला, येणार नसशील तर दुसरी बाई बघतो. ज्वारीची खुरपणी आली होती. मग गेली.

जाताना बजावून गेली. “दार लोटून घेते, कुत्रं शिरतंय. गाडीचा आवाज आला की वरडा. झोपू नका.”

“दिवसा कोन झोपतंय?”

संध्याकाळी आली. दार तसंच लोटलेलं. पण दारावर, खालच्या फळीवर, खडूची पांढरी फुली. खाली तारीख.  वाचता येत नव्हतं तरी ही फुली तिला ओळखीची होती. पोलिओच्या डोसाला बायका वस्तीवर यायच्या, पोर भेटलं नाही की दारावर अशी फुली मारायच्या. फुली म्हणजे आलो होतो, राहिलं.

आत गुरप्पा टक्क जागा.

“कोन आल्तं?”

“कुनीतरी आल्तं.”

“कुनीतरी म्हंजे? गाडी आल्ती?”

“गाडीचा आवाज झाला. मग दारात कुनीतरी हाक मारली. कानडीत. ‘गुरप्पा, मन्याग यार इद्दीरी?’ असं.” म्हणजे गुरप्पा, घरात कोण आहे.

“मग? तुमी काय म्हणला?”

गुरप्पा आढ्याकडं बघायला लागला.

“ओ दिली न्हाईत?”

“पहिल्या हाकेला ओ देत नसत्यात.”

सुंदरम्मा मटकन खाली बसली. डोक्यावरचं गवताचं ओझं तसंच. “आवो, ती सुईवाली बाई हुती! सुई घिऊन दारात आल्ती!”

“मला काय म्हाईत? आवाज वळखीचा न्हवता, भाषा वळखीची हुती. दुसऱ्यांदा हाक मारली आस्ती तर दिली आस्ती ओ. मी वाट बघत हुतो दुसऱ्या हाकेची. मारलीच न्हाई.” थोडं थांबून म्हणाला, “माज्या नावानं हाक मारली गं. मथुराबाईला बी नावानंच मारली आसंल.”

तिच्या तोंडावर आलेल्या शिव्या तिथंच राहिल्या. हा माणूस दिवसभर एकटा, दार लोटलेलं, बाजेवर. बाहेर त्याचं नाव. आत श्वास धरून बसला असेल, शिट्टी वाजू नये म्हणून. तिनं ओझं उतरवलं, चूल पेटवली. 

सकाळी ती दुधाच्या गाडीवर बसून केंद्रावर गेली. सिस्टर नुकतीच लशीचा डबा उघडत होती. ड्रायव्हर सोमशेखर बाहेर गाडी पुसत होता. मूळचा सोलापूरचा, घरी कानडी बोलणारा गडी.

“बाई, एक हाक मारून जात्यात व्हय? म्हातारा मानूस आत पडलेला. दार ढकललं आसतं तर काय हात झिजला आसता?”

सिस्टरही चिडली. “मावशी, मला नका बोलू! सहा वस्त्या केल्या काल. तुमच्या दारावर तुम्हीच लिहून ठेवलंय ना! आणि वर मलाच बोलता?”

“काय लिवलंय?”

“उद्या या म्हणून! मला कानडी येत नाही, या सोमशेखरनं वाचून दाखवलं. म्हटलं, रानात गेले असतील, चिठ्ठीऐवजी भिंतीवर लिहून गेलेत, उद्या यायला सांगतायत. म्हणून खूण करून आलो.”

सोमशेखर फडकं घेऊन दारात आला. “नाळे बा लिवलेलं हाय की, आव्वा. नाळे बा म्हंजे उद्या ये. मी चुकीचं वाचलं का?”

“आरं बाबा, ते तुमाला न्हाई लिवलं! ते रोगाला लिवलंय!”

गडी शहरात वाढलेला. त्याला माहीत नव्हतं. सुंदरम्मा सांगत गेली, रोग कसा हाक मारतो, कसा वाचतो, कसा परत जातो. सांगता सांगता तिचा तिलाच आवाज ऐकू आला आणि ती मध्येच थांबली. दीड वर्ष रोगासाठी लिहून ठेवलेलं, रोगानं वाचलं की नाही देव जाणे, लशीनं मात्र पहिल्याच खेपेला वाचलं.

सोमशेखरला हसू आवरेना. सिस्टर हसली नाही. डबा मिटला आणि म्हणाली, “चुकलं मावशी. मी दार ढकलायला पाहिजे होतं. येते. उद्या नक्की येते.”

झालं. तिनं तो शब्द उच्चारायला नको होता.

सुंदरम्मा बाहेर गेली, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि सिस्टरच्या जागेवर जाऊन बसली. पिशवी मांडीवर घेतली.

“मावशी, हे काय? आज आमचा कार्यक्रम दुसऱ्या गावात आहे.”

“जावा की. मी बी येते. तुमचं झालं की माज्या घरी.”

“असं नाही चालत. उतरा. उद्या—”

“बाई,” सुंदरम्मा म्हणाली, आवाज न चढवता, “उद्या हे भुताला सांगायचं आसतंय. मी भूत न्हाई. मला वार सांगा.”

“काय?”

“वार. सोमवार, मंगळवार, काय आसंल ते. वार सांगितला की मानूस जाब विचारू शकतंय. उद्याला कसं धरायचं? आज कुटला वार हाय?”

“गुरुवार.”

“मग गुरुवार.”

सोमशेखरनं सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं कपाळाला हात लावला. आणि त्या दिवशी सुंदरम्मा सरकारी गाडीत पुढच्या सीटवर बसून दुसऱ्या गावच्या दारोदार फिरली. सिस्टर मागं दाटीवाटीनं बसली. प्रत्येक दारात सुंदरम्माच खिडकीतून मान काढून दोन-दोन, तीन-तीन हाका मारायची. एका घरात म्हातारी नको म्हणून कोनाड्यात तोंड लपवून बसली, तिला हिनंच बाहेर काढली. कातावलेली सिस्टर दुपारनंतर तिला हळूच म्हणाली, “मावशी, तुम्ही रोज येत जा.”

“रोज न्हाई. एकदाच. आज.”

उन्हं कलल्यावर गाडी ओढा उतरून वस्तीवर आली. सुंदरम्मानं दार ढकलायच्या आधी वर बघितलं. ‘नाळे बा’. पावसानं चिरा गेलेली, तरी ठळक. तिनं आतून स्टूल आणलं, ओल्या पोत्याचा बोळा घेतला.

आतून गुरप्पाला स्टुलाचा आवाज ओळखू आला. “सुंदरे! काय करतीस? त्याला हात लावू नकोस! ते हाय म्हनून आपन हाय!”

“ते हाय म्हनून सुई परत गेली!”

“पुसलंस तर त्यो येईल की!”

“येऊ दे. सुई टोचल्यावर येऊ दे. मग बघू, कुटल्या भाषेत वाचतोय.”

“मी हात जोडतो गं.”

तो खरंच हात जोडत होता. बाजेवरून, दाराच्या उजेडाकडं. सुंदरम्मा स्टुलावर चढली, तेच स्टूल. सिस्टरनं न सांगता खाली धरलं. सोमशेखर म्हणाला, “आव्वा, उतरा, मी पुसतो.” ती म्हणाली, “तू फकस्त वाच. नाळे कुटलं?”

“ती पहिली दोन अक्षरं.”

पहिली दोन अक्षरं तिनं घासून काढली. चुन्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग बोळा खाली टाकून उतरली.

“आव्वा, ‘बा’ राहिलं की.”

“राहू दे. बा म्हंजे काय?”

“ये.”

“मग या आत,” सुंदरम्मा म्हणाली.

गुरप्पानं दंड पुढं केला नाही. तिनं त्याचा दंड धरला, बाही वर केली. टोचताना तो तिच्याकडंच बघत होता. सुई निघाल्यावर म्हणाला, “झालं?” छातीतली शिट्टी चालूच होती. सिस्टरनं त्याच खेपेला सुंदरम्मालाही टोचलं. तिनं इतके दिवस घेतली नव्हती. आधी त्याला, असं तिचं होतं.

इथं गोष्ट संपवता आली असती. पण संपत नाही.

गुरप्पाचा दुसरा डोस राहिला. तो उन्हाळ्याच्या तोंडाला घ्यायचा होता. तोवर रोग हटला, लोकांनी मास्क काढून कोपऱ्यात टाकले, घरोघरची गाडी बंद झाली. शकुंतला सिस्टरची बदली वेळापूरकडं झाली. जाताना ती नव्या सिस्टरला सांगून गेली होती, बिराजदार वस्तीवर एक माणूस आहे, त्याला घरी जाऊन टोचायचंय. नवी सिस्टर मान हलवून म्हणाली, हो. सुंदरम्मा गेली तेव्हा म्हणाली, गाडी नाही. परत गेली तेव्हा म्हणाली, लस नाही. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, उद्या या.

“वार सांगा, बाई,” सुंदरम्मा म्हणाली.

“काय?”

“काय न्हाई.” आणि परत फिरली. दुसऱ्यांदा गाडीत जाऊन बसायची ताकद तिच्यात उरली नव्हती. गाडीच नव्हती.

गुरप्पा आहे अजून. अर्धी लस अंगात घेऊन बाजेवर आहे. रोग त्याच्या दारात आला की नाही कळलं नाही. एका थंडीत दोघांनाही चार दिवस ताप होता, खोकला होता, तपासायला कोण जाणार? गेला. त्यातून उठल्यावर गुरप्पाची शिट्टी आणखी बारीक झाली. तो अजूनही पहिल्या हाकेला ओ देत नाही. वस्तीवर जाणारा माणूस आता दोनदा हाक मारतो, मग आत जातो. दारावर एकटं ‘बा’ आहे. दर पावसाळ्यानंतर सुंदरम्मा स्वतः ते चुन्यानं गिरवते. लिहिता येणारं तिचं तेवढं एकच अक्षर. आता ती दम्याच्या पंपासाठी केंद्रावर जाते. पंप कधी असतो, कधी नसतो. नसला की काय सांगतात, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या हातात एखादी खिडकी असेल, शिक्का असेल, गाडी असेल, सुई असेल, आणि समोर कुणी लांबून आलेलं उभं असेल, तर त्याला उद्या या म्हणू नका. नाही म्हणा, चालेल. नाहीतर वार सांगा, आणि त्या वारी तिथं बसा.